सात पुलांचा हिशेब आणि विश्वाचे जाळे

बाल्टिक समुद्रापासून जवळच, प्रेगेल नदीच्या काठी, कोनिग्सबर्ग नावाचे एक भरभराटीचे व्यापारी शहर होते. नदीने त्याचे चार तुकडे केले होते. दोन बाजूंचे दोन काठ, मध्ये एक बेट आणि नदीच्या दोन फाट्यांमध्ये सापडलेली जमीन. हे चार तुकडे सात पुलांनी एकमेकांना जोडलेले होते. सुट्टीच्या दिवशी फिरायला बाहेर पडलेले नागरिक आपसात एक कोडे घालीत, असे सांगतात. घरातून निघावे, सातही पूल ओलांडावेत, पण कोणताही पूल दोनदा ओलांडू नये. जमेल का? कोणाला जमत नव्हते. पण आजवर जमले नाही म्हणजे कधीच जमणार नाही, की खरी वाट अजून कोणाला सापडलेली नाही, हे छातीठोकपणे सांगणारा कोणी भेटत नव्हता.

२६ ऑगस्ट १७३५ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत अठ्ठावीस वर्षांच्या एका गणितज्ञाने या कोड्याचा निकाल लावला. त्यासाठी त्याला एकही पूल चालावा लागला नाही. त्याचे नाव लिओनार्ड ऑयलर. इंग्रजी स्पेलिंगवरून आपल्याकडे कित्येक जण त्याला यूलर म्हणतात. या रिकामपणच्या कोड्यातून जे शास्त्र जन्माला आले, त्याच्या आधाराने आज कोट्यवधी प्रकाशवर्षे पसरलेल्या विश्वाची ठेवण तपासली जाते. पुढे ज्याची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली, त्या माणसाने हे साधन जगाला दिले. ही कहाणी त्याची आहे.

पाद्र्याचा मुलगा

ऑयलरचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल या गावी झाला. वडील पॉल ऑयलर पाद्री होते. मुलानेही धर्मशास्त्र शिकून आपल्या वाटेने यावे, ही त्यांची इच्छा. पण वडिलांनी तरुणपणी याकोब बर्नुली या थोर गणितज्ञाची व्याख्याने ऐकलेली होती, त्यामुळे मुलाला गणिताचे पहिले धडे घरातच मिळाले. तेराव्या वर्षी तो बाझल विद्यापीठात दाखल झाला. तिथे याकोबचा धाकटा भाऊ योहान बर्नुली शिकवीत असे. योहान हा तापट आणि कामात बुडालेला गृहस्थ. त्याने या मुलाची खासगी शिकवणी घ्यायला नकार दिला, पण एक सवलत दिली. अवघड पुस्तके स्वतः वाचायची, जिथे अडेल तिथे खूण करायची आणि दर शनिवारी दुपारी येऊन विचारायचे. शनिवारी गुरूला कमीत कमी प्रश्न विचारावे लागावेत म्हणून मुलगा आठवडाभर झटत असे. अडचण स्वतः सोडवायची सवय त्याला या शनिवारांनी लावली. पुढे योहाननेच पॉल ऑयलरची समजूत घातली आणि चर्चचा एक पाद्री कमी झाला.

१७२७ साली बाझल विद्यापीठात पदार्थविज्ञानाची जागा रिकामी झाली. एकोणीस वर्षांच्या ऑयलरने अर्ज केला, पण त्याचा विचार झाला नाही. त्याच वर्षी जहाजावर डोलकाठ्या कुठे उभाराव्यात या विषयावरच्या पॅरिस अकादमीच्या स्पर्धेत त्याचा निबंध गौरवला गेला होता. डोंगरांनी वेढलेल्या देशातल्या या तरुणाने तोवर समुद्रावरचे जहाज पाहिलेलेही नव्हते! पण गावात जागा नव्हती ती नव्हतीच. योहानचा मुलगा डॅनिएल बर्नुली रशियात सेंट पीटर्सबर्गला होता. त्याच्या खटपटीने तिथल्या नव्या अकादमीत ऑयलरची सोय झाली. ५ एप्रिल १७२७ रोजी त्याने बाझल सोडले आणि उरलेल्या छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात तो पुन्हा कधी तिथे परतला नाही.

त्याच्या स्वागताला तिथे संकट उभे होते. तो पोचला त्याच दिवशी अकादमीची आश्रयदाती सम्राज्ञी कॅथरीन पहिली मरण पावली. परक्या विद्वानांकडे संशयाने पाहणारे सरदार सत्तेवर आले. पगाराची शाश्वती उरली नाही. काही काळ ऑयलरने रशियन आरमारात वैद्यकीय खात्यात नोकरी केली. पण तो टिकला. १७३३ साली डॅनिएल बर्नुली कंटाळून मायदेशी परतला आणि गणिताची मुख्य जागा ऑयलरकडे आली. पुढच्याच वर्षी त्याने कॅथरिना ग्सेल या चित्रकाराच्या मुलीशी लग्न केले. त्यांना तेरा मुले झाली, पण जगली ती पाचच. त्या काळच्या घरांत पाळणे आणि शवपेट्या अशा पाठोपाठच येत. मुले अंगाखांद्यावर खेळत असतानाही हा माणूस लिहीत असे, अशी त्याची ख्याती आहे.

नावे आणि जमा

डान्झिगचा नगराध्यक्ष कार्ल एलर याच्याशी ऑयलरचा पत्रव्यवहार होता. त्यात कोनिग्सबर्गच्या पुलांचा विषय येतो. गंमत अशी की ऑयलरला सुरुवातीला हा प्रश्न गणिताचा वाटतच नव्हता. यात अंतर मोजायचे नाही, आकडेमोड नाही, मग गणितज्ञाकडूनच उत्तराची अपेक्षा का करावी, अशी त्याची पृच्छा होती. तरीही प्रश्न क्षुल्लक आहे म्हणून त्याने तो बाजूला टाकला नाही. भूमिती, बीजगणित यांपैकी कशातच न बसणारा हा प्रश्न नेमका कसला, हीच गोष्ट त्याला खुणावत राहिली.

त्याने काय केले? पुलांची लांबी, नदीची रुंदी, रस्त्यांची वळणे, सगळे सोडून दिले. ठेवले एवढेच, की कोणती जमीन कोणत्या जमिनीला किती पुलांनी जोडलेली आहे. मग विचार सोपा झाला. वाटेत लागणाऱ्या कोणत्याही जमिनीवर आपण एका पुलावरून येतो आणि दुसऱ्यावरून जातो. म्हणजे तिथले पूल जोडीजोडीने खर्ची पडतात. पुलांची संख्या विषम असलेली जमीन फक्त प्रवासाच्या सुरुवातीला किंवा शेवटीच चालू शकते. अशा जमिनी फार तर दोन असाव्यात. कोनिग्सबर्गमध्ये बेटाला पाच पूल होते आणि उरलेल्या तिन्ही जमिनींना प्रत्येकी तीन. चारही आकडे विषम. तेव्हा असा फेरफटका अशक्य. प्रश्न मिटला.

या लेखात आणखी एक छोटी गोष्ट आहे. चारही जमिनींवरचे पूल मोजून बेरीज केली तर पाच आणि तीन त्रिक नऊ, म्हणजे चौदा येते. पूल तर सातच! कारण उघड आहे. प्रत्येक पुलाला दोन टोके, म्हणून तो दोन ठिकाणी मोजला जातो. माझ्यासारख्या, बँकेच्या खातेवह्यांमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला हे वाचून घरच्यासारखे वाटते. प्रत्येक व्यवहार एका खात्यात नावे आणि दुसऱ्या खात्यात जमा पडतो, म्हणून तर संध्याकाळी तेरीज जुळते. ऑयलरने पुलांची दुहेरी नोंद केली आणि कधीच न चुकणारी तेरीज मिळवली.

हा लेख १७४१ साली छापून आला. आज या शास्त्राला ग्राफचे शास्त्र म्हणतात. शाळेत चौकटीच्या कागदावर आपण जो आलेख काढतो, तो हा नव्हे. इथे ग्राफ म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, बस्स. ठिपके म्हणजे गावे असतील, माणसे असतील किंवा तारे असतील. शास्त्र विचारते ते एकच, कोण कोणाला जोडलेले आहे?

एका डोळ्याचा गणिती

कष्टांची किंमत शरीराने मोजली. १७३५ मध्ये तो जिवावरच्या तापातून उठला आणि १७३८ मध्ये उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. अकादमीसाठी नकाशांवर डोळे ताणून केलेल्या कामाला तो स्वतः दोष देत असे. आजचे जाणकार आजाराकडे बोट दाखवतात.

१७४१ मध्ये प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्या बोलावण्यावरून तो बर्लिनला गेला आणि पंचवीस वर्षे तिथे राहिला. गणिताच्या विद्यार्थ्यांना अजून उपयोगी पडणारे मोठे ग्रंथ त्याने इथेच लिहिले. शिवाय कालव्याची पातळी तपासणे, सरकारी सोडतीचा हिशेब, असली कामेही राजा त्याच्या गळ्यात घाली. राजवाड्याच्या बागेतली कारंजी उडाली नाहीत, तेव्हा राजाने खापर गणितावर फोडले. अलीकडे अभ्यासकांनी जुने कागद तपासले, तेव्हा नळ दाबाने फुटतील असा इशारा ऑयलरने आधीच दिलेला आढळला. साहेबांनी टिपण वाचायचे नाही आणि मागाहून टिपण लिहिणाऱ्याला दोष द्यायचा, ही रीत किती जुनी आहे पाहा! फ्रेडरिकला व्हॉल्तेअरसारखी चमकदार बोलणारी माणसे हवी असत. साधा, देवभोळा, दरबारी टोमणे न जमणारा ऑयलर त्याला कंटाळवाणा वाटे आणि त्याच्या एका डोळ्याची तो थट्टाही करी.

याच बर्लिनमध्ये १७५० साली ऑयलरने आपला मित्र गोल्डबाख याला पत्रातून एक निरीक्षण कळवले. सपाट बाजूंची कोणतीही साधी भरीव आकृती घ्या. तिचे कोपरे मोजा, त्यातून कडा वजा करा, बाजू मिळवा. उत्तर नेहमी दोन! सापशिडीचा फासा घेऊन पाहा. कोपरे आठ, कडा बारा, बाजू सहा. आठातून बारा वजा, अधिक सहा, उत्तर दोन. पिरॅमिड घ्या, तरी दोन. त्याने दिलेल्या सिद्धतेत उणीव होती, ती पुढच्यांनी भरून काढली. पण हा दोनचा आकडा जितका भोळा दिसतो तितका भोळा नाही. आकृतीला आरपार भोक पडले, की उत्तर दोनाने घटते. मेदूवड्याचे उत्तर शून्य येते. दोन भोके असतील तर उणे दोन. आकृती ताणली, चेपली, वाकवली तरी आकडा हलत नाही, तो फक्त भोके ओळखतो. पुलांच्या प्रश्नात ऑयलरने लांबी-रुंदी टाकून दिली होती. इथेही तेच केले. लांबी-रुंदी वजा जाता उरते ती रचना.

अंधारातली सतरा वर्षे

१७६६ साली कॅथरीन दुसरीच्या निमंत्रणावरून ऑयलर पुन्हा पीटर्सबर्गला गेला. वय एकोणसाठ. थोड्याच काळात मोतीबिंदूने डावा डोळाही झाकोळला. १७७१ मध्ये शस्त्रक्रिया झाली. काही दिवस दिसू लागले आणि घरात आनंद झाला. पण जखम चिघळली आणि उरलासुरला उजेडही गेला. त्याच वर्षी शहरात मोठी आग लागली. ऑयलरचे लाकडी घर पेटले. आंधळा म्हातारा आत अडकला होता. पीटर ग्रिम नावाचा त्याच्याच बाझल गावचा एक कारागीर धुरात शिरला आणि त्याला खांद्यावर घालून बाहेर घेऊन आला. घर गेले, हस्तलिखिते बहुतांशी वाचली. १७७३ मध्ये चाळीस वर्षे साथ देणारी कॅथरिना गेली. तीन वर्षांनी घर सांभाळायला कोणीतरी हवे म्हणून त्याने तिच्याच सावत्र बहिणीशी लग्न केले.

एवढे सगळे होऊन माणूस कोपऱ्यात बसून राहिला असता, तर त्याला कोणी बोल लावला नसता. ऑयलरचे काम मात्र वाढले. त्याच्या डोक्यात आकड्यांची पाटी कायम उघडी असे. व्हर्जिलचे महाकाव्य त्याला मुखोद्गत होते. त्याच्या प्रतीतल्या प्रत्येक पानाची पहिली आणि शेवटची ओळ कोणती, हेही तो सांगे. आपल्याकडच्या घनपाठी वैदिकांची आठवण यावी अशी ही स्मरणशक्ती. तो सांगत जाई आणि मुलगा योहान अल्ब्रेख्त, बाझलहून बोलावलेला तरुण निकोलस फुस, फिनलंडचा लेक्सेल असे मदतनीस लिहून घेत. बीजगणितावरचे त्याचे प्रसिद्ध पुस्तक त्याने पेशाने शिंपी असलेल्या एका तरुण नोकराला सांगून लिहवले. लिहिता लिहिता तो शिंपी बीजगणित शिकून गेला, असे त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतच नमूद आहे. पाठ्यपुस्तकाची याहून चांगली परीक्षा कोणती? १७७५ या एका वर्षात त्याने सरासरी आठवड्याला एक शोधनिबंध सिद्ध केला. त्याच्या एकूण लेखनाची यादी ८६६ पर्यंत जाते. त्यातले जवळपास निम्मे या अंधाऱ्या काळातले आहे.

१८ सप्टेंबर १७८३ चा दिवस नेहमीसारखाच उजाडला. सकाळी नातवाला शिकवले. त्या वर्षी फ्रान्समध्ये गरम हवेचे फुगे आकाशात चढू लागले होते. ते कसे चढतात याचे गणित त्याने पाटीवर मांडले. जेवताना लेक्सेलशी, दोन वर्षांपूर्वी हर्शेलने शोधलेल्या नव्या ग्रहाच्या, म्हणजे युरेनसच्या, कक्षेविषयी बोलणे झाले. संध्याकाळी चहा, हातात पाइप, समोर खेळणारा नातू. तेवढ्यात मेंदूत रक्तस्राव झाला आणि काही तासांत तो गेला. अकादमीकडे त्याचे इतके लेख शिल्लक होते, की ते छापायला पुढची जवळपास पन्नास वर्षे लागली.

एका गावचे देणे

आता कोनिग्सबर्गकडे पुन्हा वळायला हवे. ऑयलरने पुलांचा निकाल लावला, तेव्हा त्या शहरात खोगीर-लगाम बनवणाऱ्या एका कारागिराचा अकरा वर्षांचा मुलगा राहत होता. त्याचे नाव इमॅन्युएल कांट. पुढे तत्त्वज्ञ म्हणून जगप्रसिद्ध झालेल्या कांटने १७५५ साली एक धाडसी कल्पना मांडली. आकाशात दुर्बिणीतून दिसणारे काही धूसर ढग म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच ताऱ्यांची दूरची बेटे असावीत, अशी. आज आपण त्यांना दीर्घिका म्हणतो. याच शहराच्या वेधशाळेतून बेसेलने १८३८ साली दूरच्या ताऱ्याचे अंतर पहिल्यांदा खात्रीने मोजले. याच शहरात १८२४ साली किरखॉफ जन्मला. १८४७ मध्ये त्याने विजेच्या तारांचे जाळे सोडवताना ऑयलरच्या शास्त्राचा उपयोग केला आणि पुढे बुन्सेनच्या साथीने प्रकाशाचा वर्णपट वाचायची विद्या उभी केली. दीर्घिकांची अंतरे आज वर्णपटावरूनच काढतात. पूल, दूरची बेटे, अंतर आणि वर्णपट, चारही धागे एका गावातून निघावेत हा योगायोग कादंबरीत घातला तर संपादक ओढूनताणून आणलेला म्हणून कापून टाकतील!

विसाव्या शतकात दीर्घिकांची अंतरे मोठ्या संख्येने मोजली जाऊ लागली. १९८६ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्राच्या व्हॅलेरी द लापारां, मार्गारेट गेलर आणि जॉन हुक्रा यांनी सुमारे अकराशे दीर्घिकांचा नकाशा प्रसिद्ध केला. कलिंगडाची एक फोड कापावी तशी ती आकाशाची फोड होती. तिच्यात दीर्घिका रवाळ साखरेसारख्या सगळीकडे सारख्या विखुरलेल्या नव्हत्या. कुठे लांबच लांब रांगा, कुठे भिंती, कुठे प्रचंड पोकळ्या दिसत होत्या.

दिसत होत्या, पण होत्या का? इथेच खरी मेख आहे. माणसाच्या डोळ्याला ठिपके जोडायची खोड आहे. ढगांत हत्ती दिसतो, भिंतीवरच्या ओलीत चेहरा दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भल्याभल्या खगोलशास्त्रज्ञांना मंगळावर रेघोट्या दिसल्या आणि तिथे कालवे खणणारे प्राणी राहतात अशी हवा उठली. चांगली छायाचित्रे आली तेव्हा कालवे नाहीसे झाले. दीर्घिकांच्या रांगा हाही तसलाच भास नसेल कशावरून?

उत्तर द्यायला ऑयलरचे शास्त्र धावून आले. मधल्या काळात ते वाढले होते. १९२६ साली चेकोस्लोव्हाकियात मोराविया भागात वीज पोचवायची होती. सगळी गावे जोडली जातील, पण तार कमीत कमी लागेल, अशी आखणी कशी करावी? ओटाकर बोरूव्का या तरुण गणितज्ञाने त्याची रीत दिली. अशा आखणीत कुठेही गोल फेरा होत नाही, फक्त फांद्या फुटतात. म्हणून तिला वृक्ष म्हणतात. १९८५ मध्ये जॉन बॅरो, सुकेतु भावसार आणि सोनोडा यांनी हीच रीत आकाशाला लावली. गावांच्या जागी दीर्घिका, तारांच्या जागी काल्पनिक रेषा. सगळ्या दीर्घिका कमीत कमी लांबीच्या रेषांनी जोडायच्या, मग किरकोळ फांद्या छाटायच्या आणि फार लांबलेल्या रेषा तोडायच्या. उरतो तो दीर्घिकांच्या रांगांचा सांगाडा. यात गोल फेरा नसल्यामुळे ठिपक्यांतून रेषा वजा केल्या की वेगळे गट किती, हे आपोआप कळते. कोपरे वजा कडा, हा ऑयलरचाच जुना हिशेब.

१९८८ मध्ये भावसार आणि लिंग यांनी पुढची परीक्षा घेतली. खऱ्या नकाशातले ठिपके त्यांनी संगणकावर अशा रीतीने विस्कटले, की जवळचे गट राहावेत पण लांबच्या रांगा मोडाव्यात. मग खऱ्याचा आणि विस्कटलेल्याचा वृक्ष ताडून पाहिला. खऱ्या आकाशातल्या रांगा विस्कटलेल्या नकाशात मिळत नव्हत्या. म्हणजे रांगा भास नव्हत्या. हा निर्णय नुसत्या नजरेवर सोडलेला नव्हता, तो जोडण्या मोजून दिलेला होता.

ऑयलरचा दुसरा आकडाही असाच कामी आला. विश्वाच्या ठेवणीबद्दल दोन मते होती. कोणी म्हणे, मोकळ्या ताटात लाडू ठेवावेत तसे दीर्घिकांचे पुंजके सुटे आहेत. कोणी म्हणे, नाही, दीर्घिका सलग पसरल्या आहेत आणि त्यात बुडबुड्यांसारख्या पोकळ्या सुट्या आहेत. १९८६ मध्ये रिचर्ड गॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाट आणि विरळ भागांमधल्या सीमेला ऑयलरचा हिशेब लावला. सुटे लाडू असोत वा सुटे बुडबुडे, प्रत्येकाचे दोन धरून बेरीज अधिक यायला हवी. ती आली उणे! याचा अर्थ दाट भागही सलग आणि पोकळ्याही सलग, एकमेकांत गुंतलेल्या, घरातल्या स्पंजसारख्या. मेदूवड्याचे शून्य पाहिलेल्या माणसाला हे समजायला अवघड नाही.

या कामात पुण्याचाही वाटा आहे. आयुका या संस्थेतील वरुण सहानी यांनी सत्यप्रकाश आणि शांडारिन यांच्यासह १९९८ मध्ये विश्वातल्या रचना धाग्यासारख्या आहेत की पापडासारख्या, हे आकड्यांत सांगणारी रीत दिली. तिच्या मुळाशी असलेल्या चार आकड्यांपैकी एक ऑयलरचा आहे. २०१७ मध्ये आयुका आणि आयसर या पुण्यातल्याच संस्थांच्या संशोधकांनी मीन राशीच्या दिशेला, सुमारे चारशे कोटी प्रकाशवर्षांवर, दीर्घिकांचा एक महासमूह शोधला. त्याचा विस्तार किमान साठ कोटी प्रकाशवर्षे आहे. त्याला त्यांनी सरस्वती हे नाव दिले. अमेरिकेत ॲरिझोनात डेसी नावाचे उपकरण एका वेळी पाच हजार खस्थ वस्तूंचा प्रकाश टिपते. मार्च २०२५ मध्ये त्याच्या पहिल्या संचातली सुमारे १ कोटी ८७ लाख नोंदींची माहिती सर्वांसाठी खुली झाली. एवढे ठिपके कोणा माणसाने नजरेने जोडायचे म्हटले तर जन्म पुरणार नाही. ते काम संगणक करतो, पण त्याला विचारलेला प्रश्न १७३५ मधलाच आहे. कोण कोणाला जोडलेले आहे?

ऑयलरला यातले काही ठाऊक नव्हते. त्याच्या हयातीत दुसरी दीर्घिका म्हणून कोणी काही सिद्ध केलेले नव्हते. पुलांचे कोडे त्याने दीर्घिकांसाठी सोडवले नाही, कोणा राजाने सांगितले म्हणूनही नाही. राजाने सांगितलेली कारंजी कधीच विस्मरणात गेली. फिरायला निघालेल्या माणसांचा फुकटचा प्रश्न मात्र त्याने पगाराच्या कामाइतक्याच गांभीर्याने घेतला, आणि तोच विश्वापर्यंत पोचला. घरातले एखादे पोर जेवताना निरुपयोगी वाटणारे काही विचारते, तेव्हा त्याला गप्प बसवण्याआधी एवढे आठवले तरी पुष्कळ आहे.

१९४४ मध्ये कोनिग्सबर्गवर बॉम्ब पडले. सातांपैकी दोन पूल नष्ट झाले. युद्धानंतर शहर रशियात गेले आणि त्याचे नाव कालिनिनग्राद झाले. उरलेल्या पाच वाटांना ऑयलरचा नियम लावून पाहिला, तर आता प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फिरता येते. फक्त जिथून निघालो तिथे परत येता येत नाही. बाझलहून विसाव्या वर्षी निघालेल्या त्या माणसाचा प्रवासही तसाच झाला.